उफीझीतली नाकं, आणि एक शंका

चिंचपेटी

मुलगी इटलीत, बोलोन्यात असते. तिच्याकडे महिनाभर राहून परवाच परतले. तिथल्या जुन्या विद्यापीठाच्या इमारतीत शवविच्छेदनाचं एक लाकडी सभागृह आहे, १६३७ सालचं. १९४४ मध्ये बॉम्ब पडून मोडलं होतं, पुन्हा उभं केलंय. कडेनं जुन्या वैद्यांचे लाकडी पुतळे आहेत. त्यातला एक हातात नाक घेऊन उभा. नुसतं नाक. देवळात पेढा मिळाल्यावर आपण हात जसा जपून धरतो ना, तसा.

तिथून जे डोक्यात शिरलं ते उतरेना. पुढे फ्लॉरेन्सला उफीझी संग्रहालयात सगळे व्हीनसपाशी गर्दी करून उभे आणि मी आपली नाकं बघत हिंडतेय. शेवटी पिएरो देला फ्रांचेस्काच्या जोडचित्रापाशी खिळले. उर्बिनोचा ड्यूक फेडेरिको दा मोंतेफेल्त्रो आणि बायको बातिस्ता, एकमेकांकडे तोंड करून. ती पांढरीफटक (१४७२ मध्ये गेली, चित्र ती गेल्यावरचं असावं असं मानतात), तो लाल टोपीत. आणि त्याचं नाक! दोन डोळ्यांच्या मध्ये, जिथे चष्मा टेकतो तिथे, कुऱ्हाडीनं खाच पाडल्यासारखं. चित्रं वहीच्या पानापेक्षा थोडी मोठी, पण ते नाक खोलीच्या दारातून दिसतं.

आता शंका. ग्रीक पुतळ्यांची नाकं कपाळावरून थेट खाली येतात, मध्ये खळगा म्हणून नाही. फुटपट्टी लावल्यासारखी. मी ग्रीसला आठ दिवस होते, असं नाक एकाही जिवंत माणसाला दिसलं नाही. मग ते आलं कुठून? आणि त्याच ग्रीक-रोमन कलेचे गोडवे गाणाऱ्या इटलीत लोक असलं मोडकं नाक हौसेनं का रंगवून घेत होते?

आमची आजी मुलगी बघून आली की आधी नाक सांगायची. चाफेकळी, सरळ, पोपटनाक, अपरं, बसकं. नकटं असलं तर "स्वभाव चांगला आहे हो" म्हणायची. त्यामुळे हा विषय माझ्या घरातलाच समजा.

तिरकस

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. नकट्या सॉक्रेटिसचं लग्न झालं, विघ्नं नंतर सुरू झाली.

(काडी टाकून पळालो.)

पेन्सिल६बी

ताई, चांगला विषय. जरा लांब लिहितो.

आर्ट स्कूलला आम्हाला प्लास्टरची ग्रीक मुंडकी समोर ठेवून रेखाटनं करायला लावायचे. पहिले चार महिने मी त्या नाकाला शिव्या घातल्या. आपल्याला नाक म्हणजे दोन रेषा आणि दोन भोकं असं वाटतं. समोरून बघितलं तर नाकाला रेषाच नसते, फक्त सावली असते. त्या प्लास्टरच्या डोक्यावर एका बाजूनं दिवा लावला की कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत उजेडाची एक अखंड पट्टी पडायची आणि दोन्ही डोळे खोल अंधारात जायचे. तेव्हा कळलं की हे नाक माणसाचं नाही, दगडाचं आहे. देवळाच्या माथ्यावर, भर उन्हात, खालून पन्नास फुटांवरून बघायचं डोकं आहे ते. तिथे खऱ्या नाकाचा खळगा ठेवला तर चेहरा दोन तुकड्यांचा दिसेल.

अर्थात एवढंच कारण नाही. ते नाक सगळ्यांना मिळत नसे. ग्रीक रंगवलेली मडकी बघा: देव, वीर, तरुण पोरं सरळ नाकाची. त्यांच्याच शेजारी दारू पिऊन नाचणारे सॅटर (अर्धे पशू, अर्धी माणसं) हटकून बसक्या नाकाचे. म्हणजे नाक हा एक प्रकारचा पोशाख होता. कोणी कुठलं नाक घालायचं ते ठरलेलं.

वांदा झाला तो सॉक्रेटिसमुळे. हा माणूस सर्वांत शहाणा आणि नाक मात्र सॅटरचं. मूर्तिकारांनी ते लपवलं नाही, त्याच्या डोक्यांवर ते बसकं नाक आणि बाहेर आलेले डोळे साफ दिसतात. त्याचा शिष्य झेनोफोननं एका मेजवानीचं वर्णन लिहून ठेवलंय. तिथे सॉक्रेटिस एका देखण्या तरुणाबरोबर सौंदर्यस्पर्धा लावतो. म्हणतो, नाक वास घ्यायला असतं ना? मग तुझ्या नाकपुड्या जमिनीकडे बघतात, माझ्या चारी दिशांनी येणारा वास घेतात, तर सुंदर कोणतं? वर आणखी: माझं नाक डोळ्यांच्या मध्ये भिंत घालत नाही, जिकडे बघायचं तिकडे बघू देतं. मतदान झालं, एकूण एक मतं त्या पोराला.

चिंचपेटी

"नाक डोळ्यांच्या मध्ये भिंत घालत नाही", अहो, फेडेरिकोची खाच हीच तर नव्हे? गाइड सांगत होती की त्यानं मुद्दाम कापून घेतली. मला थाप वाटली.

काननाकघसा

व्यवसायामुळे इथे लिहिणं भाग आहे.

फेडेरिको हा भाडोत्री सेनापती. १४५० मध्ये घोड्यावरच्या भाल्यांच्या झुंजीत त्याचा उजवा डोळा गेला. म्हणून पिएरोनं डावी बाजू रंगवली, आणि पेद्रो बेरुगुएतेच्या चित्रातही डावीच. उजवी बाजू तो कोणाला दाखवत नसे. नाकाचा दांडा शस्त्रवैद्याकडून कापून घेतला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. त्यामागचं गणित चुकीचं नाही. प्रत्येक डोळ्याला बाहेरच्या बाजूला साधारण ९० ते १०० अंश दिसतं, नाकाच्या बाजूला ६०च्या आसपास, कारण मध्ये नाक येतं. दोन डोळे असले की एकाची कसर दुसरा भरून काढतो. एकच डावा डोळा उरला तर उजवीकडून येणारा घोडेस्वार उशिरा दिसणार. सेनापतीला ते परवडायचं नाही.

पण मला स्वतःला ती खाच भाल्याच्या त्याच वाराची वाटते. डोळा फोडणारा भाला नाकाचं हाड सोडून देईल असं नाही. हाड आत दबलं आणि तसंच जुळून आलं तर पिएरोच्या चित्रात दिसतं तसंच दिसेल. भूल नसलेल्या काळात केवळ नजरेचा कोन वाढवायला कोणी नाकाचं हाड छिनून घेईल, हे माझ्या गळी उतरत नाही. गाइडला मात्र हे सांगू नका, तिचं पोट त्यावर आहे.

दुसरं एक नाक आमच्या पुस्तकांत हटकून असतं: घिरलांदायोचा म्हातारा आणि नातू, लूव्हरमध्ये, १४९०च्या सुमाराचं. म्हाताऱ्याचं नाक सीताफळासारखं गाठागाठांचं. याला रायनोफायमा म्हणतात. रोझेशिया नावाच्या त्वचारोगात तेलग्रंथी वाढत जातात, त्यातून होतो. लोक बघून "पिणारा दिसतो" म्हणतात, कित्येक रुग्णांनी आयुष्यात थेंब घेतलेला नसतो. चित्रात तो नातू मात्र त्या नाकाकडे बघतच नाही. आजोबांच्या डोळ्यांत बघतोय. याच म्हाताऱ्याचं डोळे मिटलेलं एक रेखाटन स्टॉकहोमला आहे, बहुधा मेल्यावरचं. म्हणजे घिरलांदायोला नाक गुळगुळीत करून द्यायची सोय होती, आक्षेप घ्यायला मालक जिवंत नव्हता. त्यानं एक गाठ कमी केली नाही.

तिरकस

डॉक्टर, सीताफळ खाणं बंद केलंत आमचं.

घाटावरचा

नाकाचा विषय आणि मायकेलँजेलोचं नाव अजून नाही?

पोरवयात तो आणि त्याच्याबरोबरची शिकाऊ पोरं फ्लॉरेन्सच्या कार्मिने चर्चमधल्या मसाचोच्या भित्तिचित्रांवरून नकला काढायची. मायकेलँजेलोला दुसऱ्यांच्या चित्रांची टिंगल करायची खोड. तोरिजानो नावाच्या पोराचं डोकं फिरलं आणि त्यानं अशी बुक्की मारली की नाक जन्माचं बसलं. पुढे बऱ्याच वर्षांनी तोरिजानो चेल्लिनी या शिल्पकाराला फुशारकीनं सांगत होता की हाड आणि कूर्चा माझ्या मुठीखाली बिस्किटासारखी चुरली. हाच तोरिजानो नंतर लंडनला गेला, वेस्टमिन्स्टर ॲबीत सातव्या हेन्रीची समाधी त्याचीच. आणि दानिएले दा वोल्तेरानं मायकेलँजेलोचं ब्राँझचं डोकं केलं त्यात ते बसलेलं नाक जसंच्या तसं आहे.

आता गंमत बघा. ज्याचं स्वतःचं नाक मोडलेलं त्यानं डेव्हिडला कसलं नाक दिलं! कलावंतांची चरित्रं लिहिणारा वासारी सांगतो, पुतळा उभा राहिल्यावर फ्लॉरेन्सचा मुख्य कारभारी सोदेरिनी आला आणि म्हणाला, सुंदर, पण नाक जरा जाड झालंय. मायकेलँजेलो छिन्नी घेऊन परांचीवर चढला. जाताना फळ्यांवरची थोडी संगमरवराची भुकटी मुठीत घेतली. वर हलकेच ठोकल्याचं नाटक केलं आणि भुकटी सोडत राहिला. नाकाला हात लावला नाही. "आता बघा." सोदेरिनी म्हणाला, आता खरा जीव आला.

पेन्सिल६बी

जाहिरातीत वीस वर्षं काढली. "लोगो जरा मोठा करा" असा निरोप आला की मी तीच फाइल तासाभरानं परत पाठवायचो. "आता कसं छान वाटतंय" असं उत्तर यायचं. तो पुतळा पाच मीटरच्या वर आहे, खालून बघणाऱ्याला नाक जाड वाटणारच.

मोडीवाचक

वासारीवर इतका विश्वास ठेवू नये. त्याचं पुस्तक पहिल्यांदा आलं १५५० साली, डेव्हिड उभा राहिला १५०४ला. मायकेलँजेलो त्याचा देव होता. कारभारी मूर्ख आणि कलावंत चतुर ही गोष्ट प्रत्येक दरबारात सापडते, बिरबलापासून तेनालीरामापर्यंत.

घाटावरचा

मोडीवाचक, तुम्ही लग्नाच्या पंक्तीतसुद्धा जिलबीची सनावळी विचारता का हो?

मोडीवाचक

जिलबी आवडते. सनावळीही.

पेन्सिल६बी

ताईंच्या दुसऱ्या शंकेकडे येतो: मोडकी नाकं हौसेनं का रंगवली.

माझं उत्तर, रोमन नाण्यांमुळे. रोमन प्रजासत्ताकातल्या बड्या घरांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे दिवाणखान्यात ठेवायची चाल होती, आणि त्या काळची संगमरवरी डोकीही तशीच निष्ठुर. सुरकुत्या, चामखीळ, गरुडासारखं नाक, सगळं आहे. म्हाताऱ्या सिनेटरला सुंदर दिसायचं नव्हतं, वजनदार दिसायचं होतं. त्यांची नावंसुद्धा नाकावरून! सिसेरो म्हणजे हरभरा. प्लुटार्क सांगतो की कुणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती. कवी ओव्हिडचं आडनाव नासो, सरळ नाकाडे.

पंधराव्या शतकात इटलीतले राजे रोमन नाणी जमवायला लागले. नाण्यावर चेहरा एका बाजूनंच असतो. पिसानेल्लोनं १४३८च्या सुमाराला तशीच ब्राँझची पदकं ओतायला सुरुवात केली आणि प्रत्येक सरदाराला आपण सीझरसारखे दिसावं असं वाटू लागलं. एका बाजूनं काढलेल्या चेहऱ्यात नाक हीच सही. डोळा एक, ओठ अर्धे, कान सगळ्यांचे सारखे. खाच असलेलं नाक बुजवलं तर ते फेडेरिकोचं राहतच नाही. त्याला ती खाच हवीच असणार, फौजेच्या झेंड्यासारखी.

पुढे चेहरा तीन चतुर्थांश वळवून काढायची फ्लेमिश पद्धत आली आणि नाकाचा रुबाब ओसरला. मोनालिसाचं नाक कसं आहे ते न बघता सांगा बरं. नाही सांगता येणार.

लिओनार्दोनं मात्र नाकांची वर्गवारी करून ठेवली होती. बाजूनं बघितल्यावर दहा प्रकार: सरळ, गाठाळ, खोलगट, मधल्या भागाच्या वर उंच किंवा खाली उंच, गरुडनाक, सम, बसकं, गोल, टोकदार. समोरून बघितल्यावर अकरा. चेहरा एकदाच बघून घरी जाऊन काढायचा असेल तर हे पाठ असावं, म्हणून. आपल्याकडचे मूर्तिकार तिळाचं फूल आणि पोपटाची चोच सांगतात. तेही पाठांतरच, पण देवाच्या नाकाचं. लिओनार्दोला रस्त्यावरच्या माणसाचं हवं होतं.

काननाकघसा

कवी दान्तेचं नाक यात घाला. बोत्तिचेल्लीनं १४९५च्या सुमाराला काढलेला दान्ते म्हणजे नाकाला जोडलेला माणूस. पण दान्ते १३२१ मध्ये गेलेला. बोलोन्याच्याच अभ्यासकांनी २००७ साली कवटीच्या मोजमापांवरून चेहरा उभा केला तर नाक बरंच सौम्य निघालं. तोवर सहाशे वर्षं दुसरंच नाक त्याच्या नावावर जमा.

तिरकस

आता जरा कडू बोलतो.

ते सरळ ग्रीक नाक निरुपद्रवी राहिलं नाही. अठराव्या शतकात विंकेलमान नावाच्या जर्मनानं त्याला सौंदर्याचं शिखर ठरवलं. स्वतः ग्रीसला कधी गेला नाही, रोममध्ये बसून बहुतेक रोमन नकला बघितल्या. मग पेत्रुस काम्पर हा डच शरीरशास्त्रज्ञ आला, चित्रकलाही शिकलेला. त्यानं चेहऱ्याचा कोन मोजायला काढला. युरोपियन माणूस ८० अंश, ग्रीक पुतळा १००, आफ्रिकी माणूस खाली आणि त्याच्याही खाली ओरांगउटान. म्हणजे पट्टीचं वरचं टोक दगडाचं! शंभर अंशाचा माणूस जिवंत सापडतच नाही, तरी बाकीच्यांना त्यावर मोजायचं.

आणि ती पट्टी आपल्यापर्यंत आली. हर्बर्ट रिस्ली, १९०१च्या जनगणनेचा आयुक्त. हा गृहस्थ नाकाची रुंदी भागिले उंची करून जातींची उतरंड लावत होता: नाक जितकं रुंद तितकी जात खाली. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये नाकांच्या मोजमापाचेच आकडे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशानं वेगळे नाहीत हे दाखवलं. ताई, तुमच्या आजीचं "स्वभाव चांगला आहे हो" याच पट्टीवरचं आहे. राग मानू नका.

चिंचपेटी

राग नाही. आजीचं स्वतःचं नाक बसकं होतं, हे लिहायचं राहिलं. पट्टी तिच्यावरही पडली असणार.

कोपनहेगनकर

बरेच महिने नुसता वाचत होतो, या धाग्यानं बोलतं केलं.

आमच्या गावात ग्लिप्तोतेक नावाचं संग्रहालय आहे, कार्ल्सबर्ग बिअरवाल्याच्या पैशातून उभं राहिलेलं. तिथे एका काचेच्या कपाटात फक्त नाकं आहेत. संगमरवरी, प्लास्टरची, सरळ, बाकदार, काही शेंड्यापुरती. ग्रंथालयाला बिब्लिओथेक म्हणतात तशी ही नासोथेक.

कारण असं: जमिनीतून निघालेल्या पुतळ्याचं नाक बहुधा गेलेलं असतं. पुतळा तोंडावर पडला की आधी तेच फुटतं, आणि शत्रूला तोंड विद्रूप करायचं असेल तर हातोडाही आधी तिथेच पडतो. अठराव्या शतकातल्या श्रीमंत इंग्रजांना बिननाकाचा सम्राट दिवाणखान्यात नको असायचा. मग रोममध्ये कावाचेप्पीसारख्यांची मोठी दुकानं चालायची. तुटलेली जागा घासून सपाट करायची, धातूची खुंटी मारायची, नवं नाक बसवायचं. विसाव्या शतकात संग्रहालयांना वाटलं की ही लबाडी आहे, आणि ती नाकं काढून टाकली. काढलेली फेकवेनात, म्हणून कपाट.

आमच्या थॉरवाल्डसेन या शिल्पकारानं तर ग्रीसमधल्या एजिना बेटावरच्या देवळाचे अख्खे योद्धे बव्हेरियाच्या राजपुत्रासाठी दुरुस्त केले होते. म्यूनिकमध्ये १९६०च्या दशकात त्याचे तुकडे उतरवले. म्हणजे विंकेलमान काय किंवा इतर कोण, रोममधल्या पुतळ्यांच्या ज्या नाकांवर भाळत होते त्यातली किती कालच्या कारागिराची होती?

तिरकस

हे म्हणजे वरचं टोक दगडाचंही नाही, जोडाचं!

कोपनहेगनकर, स्वागत. आता पळून जाऊ नका.

घाटावरचा

स्फिंक्सचं नाक नेपोलियनच्या तोफेनं उडालं ना?

मोडीवाचक

नाही. नेपोलियन तिथे गेला १७९८ मध्ये. नॉर्डेन नावाच्या डॅनिश अधिकाऱ्यानं १७३७ साली काढलेल्या चित्रात आधीच नाक नाही.

काननाकघसा

ताईंचा हातात नाक धरलेला माणूस राहूनच गेला. तो गास्पारे तालियाकोत्झी, बोलोन्याचाच प्राध्यापक. १५९७ साली त्यानं तुटलेली नाकं परत करायच्या शस्त्रक्रियेवर जाडजूड सचित्र ग्रंथ छापला. द्वंद्वयुद्धं आणि गुप्तरोग, दोन्हींमुळे गिऱ्हाईक भरपूर. दंडाच्या कातडीचा पट्टा अर्धवट सोडवायचा, हात डोक्यावर बांधून तो पट्टा नाकाच्या जागी शिवायचा, आणि जीव धरेपर्यंत दोन-तीन आठवडे माणसानं तसंच बसायचं. चित्रातले रुग्ण हात डोक्यावर ठेवून इतके शांत दिसतात की हसू येतं.

आपल्याकडची सुश्रुताची परंपरा वेगळी. पुढे कपाळाची कातडी घ्यायला लागले. हात बांधायला नको. जगानं शेवटी हीच उचलली, आणि ती त्यांना दिसली पुण्याजवळ.

मोडीवाचक

यावर माझ्याकडे टिपण आहे, म्हणून धाग्यावर थांबलो होतो.

कावसजी नावाचा मराठा गाडीवान १७९२च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकत होता. टिपूच्या लोकांच्या हाती लागला. नाक आणि एक हात कापला. वर्षभर तसाच काढला. मग पुण्याजवळ एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या माणसानं त्याला नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्याच्या क्रूसो आणि फिंडले या दोन डॉक्टरांनी ते पाहिलं, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात सगळी पद्धत छापून आली.

पद्धत अशी. मेणाची पातळ पाटी घ्यायची, नाकाच्या खुंटावर बसवून हव्या त्या नाकाचा आकार द्यायचा. ती उचलून कपाळावर सपाट पसरायची, भोवती रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक पट्टी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. कातडी पिळा देऊन खाली वळवायची आणि बसवायची. टाके नाहीत. चिकटवायला कात! विड्याचा कात, पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर लावलेला. दहाव्या दिवसापासून नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती. पंचविसेक दिवसांनी मधली पट्टी कापायची.

लंडनमध्ये कार्प्यूनं १८१४ साली हे करून बघितलं आणि तिथून युरोपभर झालं.

आता या धाग्याशी संबंध. मासिकातलं कावसजीचं चित्र ज्या चित्रावरून कोरलं ते जेम्स वेल्सचं. हाच वेल्स त्या वर्षांत पुणे दरबारात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढत होता. म्हणजे एकाच चित्रकारानं नानांचं ते लांबलचक नाक काढलं आणि वीटवाल्यानं घडवलेलं कावसजीचंही.

त्या कारागिराचं नाव छापायचं कोणाला सुचलं नाही.

पेन्सिल६बी

मेणात नाक घडवायचं, मग उलगडून सपाट करायचं, मग पुन्हा उठाव द्यायचा. हे काम शिल्पकाराचं आहे हो. गोल वस्तूचा सपाट कागदी नमुना काढून बघा कोणीही, घाम फुटतो. वीट थापणाऱ्या हाताला ते येत होतं यात नवल वाटत नाही.

काननाकघसा

कात तुरट असतो, रक्त धरतो. आज टाके घालतो, बाकी रेघा त्याच. कपाळावरून नाक करायचं असलं की आम्ही अजूनही आधी नमुना कापून घेतो, फक्त मेणाऐवजी टाक्यांच्या पाकिटाची चकचकीत चांदी.

चिंचपेटी

सकाळपासून फोनमधले फोटो काढून बसले आहे. उफीझीच्या लांब व्हरांड्यात दोन्ही बाजूंनी रोमन डोकी मांडलेली आहेत. मी चौदांचे फोटो काढले होते. कोपनहेगनकरांचं वाचल्यावर मोठे करून बघितले. नऊ जणांच्या नाकावर, बहुतेक अर्ध्याच्या खाली, केसाएवढी रेघ आहे. वरचा दगड पिवळट, खालचा पांढरा. तिथे उभी असताना एक दिसली नव्हती.

लेकीला पाठवले. तिचं उत्तर आलं, "आई, महिनाभरात माझा एकही फोटो नाही काढलास."